पाळत, टेहळणी आणि ती 'गोपनीयता'

प्रश्न असा आला आहे : फोन टॅपिंगच्या बातमीत 'पाळत' लिहावं की 'टेहळणी'? आणि 'राइट टू प्रायव्हसी'ला 'गोपनीयतेचा अधिकार' म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर चटकन देतो. टेहळणी बुरुजावरून, नजरेत येईल त्याची. चौकातला सीसीटीव्ही करतो ती. पाळत नेमक्या माणसावर. गृहसचिवांच्या आदेशाने एखाद्या नंबरला 60 दिवस (वाढवत नेलं तरी 180 च्या पुढे नाही) कान लावतात, ती पाळत.

'गोपनीयता' मात्र डोक्यात जाते. मंत्री 'पद व गोपनीयतेची' शपथ घेतात ती सरकारची गुपितं न फोडण्याची. तोच शब्द नागरिकाला चिकटवला की लगेच 'लपवायचं नसेल तर घाबरता कशाला' सुरू! 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खाली मान्य केलेला हक्क म्हणजे लपवाछपवी नव्हे. देशाच्या सुरक्षेसाठी त्याला मुरड घालता येते. पण त्याला कायद्याचा आधार हवा आणि उपाय कारणाच्या मापाचा हवा.

आता खरी गंमत. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह जुनी यादी, उघडा : 'पाल रक्षणे', 'गुपू रक्षणे' (हाच 'गुप्' धातू). पाळणे, पाळीव, पालक आणि माझ्या मते पाळतही पहिल्यातली. गुप्त, गुपित, गोपनीय दुसऱ्यातली. दोन्हींचा अर्थ एकच, राखणे! पंडित 'गुप्'वरून 'गोप' साधतात. साफ उलटं. आधी गो + पा, गाई राखणारा 'गोपा'. त्यावरून 'गोपायति', आणि त्यातून मागाहून सोलून काढलेला 'गुप्'. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी 'गोपामृतस्य' आहे, ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, राखणदार. तिथे लपवण्याचा मागमूस नाही. मग राखण्याचं झाकणं कसं झालं? गुराखी बघा. दिवसभर गुरांवर नजर, तिन्हीसांजेला गोठ्याचं दार ओढून घेणं. नजर पाळतीकडे गेली, दार गोपनाकडे. हे कुठल्या कोशात शोधू नका, माझंच आहे.

हां, प्रश्न राहिला. 'खासगीपणाचा अधिकार' लिहा. हिंदीतून 'निजता' उचलू नका. मराठी कानाला ते 'निजता का?' असंच ऐकू येतं.