वाचकांचे प्रश्न : पोटोमॅक नदीतील बेट

प्रश्न : आम्ही पती-पत्नी काही आठवड्यांसाठी मुलाकडे वॉशिंग्टनला जाणार आहोत. संग्रहालये आणि स्मारके पाहणे होईलच. परंतु यजमानांना गर्दीचा शीण लवकर येतो आणि त्यांचे गुडघेही दुखतात. शहरातच नदीमध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या नावाचे एक शांत बेट असल्याचे कळले. तेथे खरोखर शांतता असते का? किती चालावे लागते आणि नेमके काय पाहावे?

उत्तर : अवश्य जा. मात्र शांततेची अपेक्षा आधीच नीट करून घ्या, म्हणजे विरस होणार नाही. बेटाच्या दक्षिण टोकावरून महामार्गाचा पूल गेला आहे आणि जवळच्या विमानतळाची विमाने बहुधा नदीच्याच मार्गाने ये-जा करतात, त्यामुळे त्यांचा आवाज अधूनमधून डोक्यावरून जातोच. परंतु बेटावर मोटार नाही, सायकल नाही, दुकान नाही, आणि राजधानीच्या इतक्या जवळ हे मिळणे ही मोठीच गोष्ट आहे.

सुमारे 88 एकरांचे हे बेट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : येथील रान हेच स्मारक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे जॉन मेसन यांचा वाडा, शेती आणि बागा होत्या. 1863 मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, येथे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे प्रशिक्षण झाले. पुढे 1930 च्या दशकात रूझवेल्ट स्मारक संस्थेने बेट घेऊन राष्ट्राला दिले आणि उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांच्या आराखड्यानुसार देशी वृक्ष लावून हे जंगल जाणीवपूर्वक उभे करण्यात आले. ज्या राष्ट्राध्यक्षाने आपल्या कारकिर्दीत (1901 ते 1909) पाच राष्ट्रीय उद्याने आणि कित्येक पक्षी-अभयारण्ये निर्माण केली, त्याच्यासाठी याहून योग्य स्मारक मला सुचत नाही. पॉल मॅनशिप यांनी घडवलेला 17 फूट उंचीचा कांस्यपुतळा आणि रूझवेल्ट यांची वचने कोरलेल्या ग्रॅनाइटच्या चार उंच शिळा 1967 मध्ये आल्या. त्या जरूर पाहाव्यात, पण बहुतेक पर्यटक तेथूनच परततात, ते योग्य वाटत नाही.

आपण दलदलीतील फळ्यांच्या वाटेवर जावे. पोटोमॅक नदीला येथपर्यंत समुद्राची भरती-ओहोटी जाणवते, म्हणून तीच जागा दिवसातून दोनदा रूप पालटते : भरतीला पाणकणसांच्या बुडख्यांशी पाणी चढते, तर ओहोटीला काळा, चकचकीत चिखल उघडा पडतो आणि त्यात निळसर राखी रंगाचा मोठा बगळा एकेक पाऊल जपून टाकत मासे टिपताना दिसू शकतो. ओहोटीची वेळ आधी पाहून निघालात तर उत्तम. दलदलीची पूर्ण वाट सुमारे अडीच किलोमीटर आहे. ती बहुतांशी सपाट असली, तरी यजमानांनी ती पुरी करण्याचा हट्ट धरू नये, फळ्यांवरून जमेल तितके जाऊन परतावे. उंचवट्यावरची वाट त्यांनी टाळलेलीच बरी.

प्रवेशशुल्क नाही. पिण्याचे पाणी आणि खाण्याचे जिन्नस सोबत घ्यावेत. हिवाळ्यात स्वच्छतागृह बंद असते आणि उन्हाळ्यात डास असतात.

प्रश्न : मी त्याच परिसरात शिकतो. तेथे सायकलने जाता येईल का?

उत्तर : पुलापर्यंतच. बेट वॉशिंग्टनच्या हद्दीत असले, तरी पादचारी पूल व्हर्जिनियाच्या काठावरून आहे. सायकल अलीकडच्या वाहनतळाजवळ लावून पुढे पायी जावे लागते. रॉसलिन मेट्रो स्थानकातूनही चालत येता येते. मोटारीने येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की वाहनतळात केवळ जॉर्ज वॉशिंग्टन पार्कवे या नदीकाठच्या रस्त्याच्या उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूनेच शिरता येते, आणि सुटीच्या दिवशी तो सकाळीच भरतो.