स्वयंपाकघरातील जुन्या लाकडी कपाटांसाठी सर्वांत टिकाऊ रंग कोणता, आणि रंगाआधीचे अस्तर (प्रायमर) खरोखरच लागते का?

आपल्या कपाटांवर जुने वॉर्निश आहे, त्यावर आता रंग द्यायचा आहे आणि निवडलेल्या डब्यावर ‘अस्तराची गरज नाही’ असे छापले आहे, तेव्हा अस्तराचा हात वाचवावा का, असे आपण विचारले आहे. हा दुसरा भाग वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. नेमक्या याच वाक्यावर विसंबून मी माझ्या स्वयंपाकघरातील १६ दरवाजे आणि ६ खण एकदा रंगवले आणि पाच महिन्यांनी ते सगळे खरवडून पुन्हा रंगवले.

पहिल्या वेळी कामाची सूत्रे माझ्या भावोजींच्या हाती होती. थोरल्या बहिणीचे यजमान, स्वतःचे सगळे घर स्वतः रंगवलेले, त्यामुळे त्यांचा शब्द मोडण्याचे मला कारण नव्हते. त्यांचे मत स्पष्ट होते : “रंग चांगला असला की तो कशालाही धरतो. घासत बसण्यात दिवस घालवू नकोस.” आम्ही ओल्या फडक्याने दरवाजे पुसले, अस्तर न देता दोन दिवसांत रंगाचे दोन हात दिले आणि तिसऱ्या दिवशी दरवाजे परत लावले. दिसायला काम उत्तम झाले होते, हे मला मान्यच करावे लागेल, आणि त्या आनंदात दोन-तीन महिने गेलेही.

पहिला पोपडा सिंकखालच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला सुटला. पाठोपाठ मुठींच्या बाजूला, जिथे दार लावताना अंगठा टेकतो तिथे, रंग मऊ पडून सुरकुतला. मग शेगडीच्या वरच्या कपाटाची पाळी आली. एका रात्री मी त्या दरवाज्याचा सुटलेला कोपरा नखाने उचलला, तर हातभर लांब पट्टी एखाद्या सालीसारखी अखंड निघून आली. तिची मागची बाजू पिवळसर होती आणि बोट फिरवले की चिकट लागत होती. खालचे वॉर्निश मात्र तसेच लखलखीत होते, जणू त्यावर रंग कधी चढलाच नव्हता. पाच महिने आमचा रंग तेलाच्या थरावर बसून होता. लाकडाशी त्याची गाठच पडली नव्हती.

भावोजींचे निदान वेगळे होते. डबाच खराब लागला असणार, असे ते म्हणाले, आणि आजही म्हणतात.

दुसऱ्या खेपेला मला अकरा दिवस लागले आणि त्यांतले रंगाचे फक्त तीन होते. दरवाजे उतरवले, मुठी आणि बिजागऱ्या काढल्या, आणि प्रत्येक दरवाज्याला बिजागरीच्या खाचेत पेन्सिलीने क्रमांक घातला. ही खाच रंगवायची नसते, म्हणून क्रमांक तिथे शेवटपर्यंत वाचता येतो. सुटलेला रंग पत्रीने खरवडून काढण्यात दोन दिवस गेले. त्यानंतर धुणे, आणि या पायरीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

स्वयंपाकघरातील तेलकट वाफ शेगडीपासून लांबच्या कपाटांवरही बसते. तिथे ती हवेच्या संपर्काने हळूहळू घट्ट होत जाते आणि मग साध्या ओल्या फडक्याला दाद देत नाही. अशा वेळी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा भांडी घासण्याचे द्रावण घालून, खडबडीत स्पंजाने, शक्यतो लाकडाच्या रेषांच्या दिशेने दरवाजा घासावा लागतो. लाकूड मात्र पाण्यात भिजत ठेवू नये, सांध्यांत पाणी मुरू देऊ नये. सोड्याचा किंवा साबणाचा अंश मागे राहिला तर तोही तेलाइतकाच घातक, म्हणून दोनदा स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून दरवाजा किमान एक दिवस वाळू द्यावा. धुणे पुरेसे झाले की नाही हे ठरवायला मी पृष्ठभागावर पाण्याचा हलका शिडकावा करतो. पाणी पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. त्याचे मणी होऊन ते जागच्या जागी उभे राहिले, तर तेल, मेण किंवा फर्निचरला चकाकी आणणाऱ्या द्रवातील सिलिकॉन अजून शिल्लक आहे. माझ्या शेगडीवरच्या दरवाज्यांवर तिसऱ्या धुण्यापर्यंत मणी होत होते.

हे सगळे घासण्याच्या आधी करायचे असते. अनेक जण थेट पॉलिश पेपर हाती घेतात, आणि तेलकट पृष्ठभागावर तो फिरवला की तेल निघून जाण्याऐवजी नव्याने पडलेल्या ओरखड्यांत चोळले जाते. तिथून ते काढणे मग फार कठीण होते.

घासण्याचा हेतूही नीट समजून घ्यावा. जुने वॉर्निश पक्के धरलेले असेल तर ते लाकडापर्यंत उतरवण्याची काहीच गरज नाही. त्याची चकाकी मोडायची आणि अस्तराला पकडता येतील असे बारीक ओरखडे पाडायचे, एवढेच काम आहे. त्यासाठी १८० नंबरचा कागद आणि वरून २२० नंबरचा कागद पुरतो. कुठे राहिले ते दिवसाच्या उजेडात कळत नाही. खोली अंधारी करून टॉर्च दरवाज्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली की न घासलेला भाग चमकतो, आणि घासलेला भाग धुरकट दिसतो. नक्षीच्या खोबणी, चौकटीचे आतले कोपरे आणि दरवाज्यांच्या कडा या तीन जागी मला दर वेळी चमक सापडली. पहिल्यांदा रंग जिथे जिथे सुटला होता, त्या बहुतेक जागा याच होत्या.

खड्डे आणि मुठींची जुनी भोके लांबीने (पुट्टीने) भरली, ती वाळल्यावर घासून सपाट केली, आणि धूळ आधी ब्रशने, मग किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने टिपून घेतली.

आता अस्तर. डब्यावर काहीही छापलेले असो, स्वयंपाकघरातील जुन्या वॉर्निशवर अस्तराशिवाय रंग देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अस्तर आणि रंग यांची कामे वेगळी आहेत. रंगाने बाहेरचे घासणे, पुसणे आणि पाणी सोसायचे असते, तर अस्तराने खालच्या पृष्ठभागाला घट्ट धरायचे आणि आतून वर येणाऱ्या गोष्टी अडवायच्या असतात. साग, ओक यांसारख्या लाकडांत टॅनिन नावाचे, पाण्यात विरघळणारे द्रव्य असते. पाण्यावर आधारित रंगातील ओलावा ते विरघळवून वर ओढतो आणि पांढऱ्या रंगावर चहासारखे तपकिरी डाग उमटतात. त्यावर रंगाचे आणखी हात दिले तरी डाग पुन्हा वर येत राहतो. गाठींच्या जागी राळही तशीच झिरपते. त्यासाठी लाखेवर आधारित अस्तर मला सर्वांत भरवशाचे वाटते : ते स्पिरिटमध्ये विरघळवलेले असते, साधारण तासाभरात वाळते, गुळगुळीत पृष्ठभागाला चांगले धरते आणि डाग व जुना वास दोन्ही कोंडून टाकते. त्याची वाफ उग्र आणि ज्वलनशील असते, म्हणून खिडक्या उघड्या, शेगडी बंद आणि ब्रश धुण्यासाठी स्पिरिट हाताशी ठेवूनच काम करावे. दरवाजे लॅमिनेटचे असतील, तर गुळगुळीत पृष्ठभाग धरण्यासाठीच बनवलेले अस्तर घ्यावे आणि ते वाळल्यावर कोपऱ्यात नखाने खरवडून पाहावे. सुटले तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

सिंकखालच्या दरवाज्याची खालची कड आम्ही पहिल्यांदा अजिबात रंगवली नव्हती, कारण ती दिसत नाही. सिंकच्या कडेवरून ओघळणारे पाणी मात्र तिथेच थेंब होऊन लटकते आणि उघड्या लाकडात शिरते. लाकूड फुगते, वाळते, पुन्हा फुगते आणि त्यावरचा रंग ढकलला जातो. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेल्या फळीचा, दरवाजा असेल तर त्याची कापलेली कड पाणी शोषून कायमची फुगते, ती परत बसत नाही. दुसऱ्या वेळी मी सगळ्या दरवाज्यांच्या चारही कडांना अस्तराचे दोन हात दिले आणि सर्वांत जास्त वेळ या अदृश्य कडांवर घालवला.

रंगाचे हात पातळ द्यावेत. तेलावर आधारित एनॅमल (वाळल्यावर कडक थर देणारा रंग) हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. थर जाड असला तर वर साय धरते आणि आतला रंग कित्येक दिवस मऊच राहतो. दोन हातांमध्ये ३२० नंबरच्या कागदाने अगदी हलके घासून धूळ टिपावी.

भावोजींशी माझा वाद एवढ्यावर मिटला नव्हता. “या वेळी तू दुसरा डबा आणलास, म्हणून रंग टिकला,” हे त्यांचे म्हणणे कायम होते. म्हणून मी त्याच स्वयंपाकघरातला, वापरात नसलेला एक जुना दरवाजा घेतला आणि त्याच्या मधोमध पेन्सिलीने रेघ मारली. डावा अर्धा भाग त्यांच्या पद्धतीप्रमाणे ओल्या फडक्याने पुसला, आणि उजवा धुऊन, घासून, अस्तर देऊन तयार केला. मग एकाच डब्यातला रंग, एकाच दिवशी, एकाच ब्रशने दोन्हीकडे दिला. महिनाभराने दोन्ही भागांवर धारदार पात्याने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा कापल्या, त्या जाळीवर चिकटपट्टी दाबून बसवली आणि ती झटक्यात ओढली. रंगाची पकड तपासण्याची ही रूढ पद्धत आहे. डावीकडचे जवळजवळ सगळे चौकोन पट्टीला चिकटून आले. उजवीकडे रेघांच्या छेदांवर कणभर टवके उडाले, बाकी जाळी जागेवर होती. भावोजींनी पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि डावीकडे ओल राहिली असेल, असे म्हणाले. ओल राहिली असेल तर तीही तयारीतलीच उणीव होती, हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तयारी कितीही चोख असली तरी भिंतीचा साधा रंग कपाटांवर देऊ नये. तो वाळला तरी मऊ राहतो, हातांच्या घामाने व तेलाने आणखी सैल होतो, आणि मिटलेला दरवाजा चौकटीला चिकटून उघडताना टवका घेऊन येतो. तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर : लाकडी कामासाठीचा एनॅमल घ्या. तेलाचा एनॅमल कडक होतो, पण पांढरा असेल तर प्रकाश न पोहोचणाऱ्या जागी, म्हणजे कपाटांच्या आतल्या बाजूला, तो पिवळा पडत जातो. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक-युरेथेन प्रकारचा एनॅमल पिवळा पडत नाही आणि त्याचा वास कमी असतो; मी तोच वापरला. दोन घटक मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग या दोन्हींपेक्षा कठीण असतो, परंतु त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना अपायकारक असल्याने तो योग्य मुखवटा आणि जागा असलेल्या जाणकार कारागिराकडूनच मारून घ्यावा.

आणखी काही सूचना आधीच द्यायला हव्या होत्या. कपाटांवर फार जुना रंग असेल तर त्यात शिसे असू शकते. आधी तपासणी करून घ्यावी, तोपर्यंत तो कोरडा घासू नये, आणि घरात लहान मुले किंवा गर्भवती स्त्री असेल तर ते काम स्वतः करूच नये. दरवाज्यांवर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला असेल आणि तो कोपऱ्यांत सुटू लागला असेल, तर त्यावर रंग देणे व्यर्थ आहे, कारण खालचा पापुद्राच रंगाला घेऊन निघेल. जुने वॉर्निश स्वतःच भेगाळलेले असेल, तर मात्र मी वर सांगितले त्याच्या उलट, ते पूर्ण उतरवावेच लागते.

आणि रंग हाताला कोरडा लागला म्हणून तो पक्का झाला असे समजू नये. पाण्यावरचा एनॅमल दोन तासांत कोरडा वाटतो, पण पूर्ण कठीण व्हायला तीन ते चार आठवडे घेतो. मी दरवाजे रंग दिल्यानंतर पाचव्या दिवशी लावले, त्यांच्या आतल्या कोपऱ्यांना रबरी टिकल्या चिकटवल्या आणि महिनाभर कोरड्या मऊ फडक्याखेरीज काहीही लावू दिले नाही. याला आता सहा वर्षे झाली. सिंकखालच्या दरवाज्याची खालची कड मी दर काही महिन्यांनी वाकून बोटाने चाचपतो. ती अजून गुळगुळीत आहे. मुठींजवळ रंग थोडा झिजून तुकतुकीत झाला आहे, सुटलेला कुठेही नाही.

आपण सगळी कपाटे एकदम हाती घेऊ नका. सिंकखालचा एक दरवाजा उतरवा, तो पूर्ण पद्धतीने तयार करून रंगवा, महिना जाऊ द्या आणि आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही अशा कोपऱ्यात, पात्याची जाळी कापून चिकटपट्टी ओढून पाहा. पट्टी स्वच्छ निघाली की बाकीचे उतरवायला घ्या.