टीसीवर ‘बौद्ध’ लिहिलं असेल तर अनुसूचित जातीची सवलत जाते का?

नाही जात. आजोबांच्या कागदावर ‘महार’, वडिलांच्या ‘हिंदू महार’ आणि तुमच्या टीसीवर नुसतं ‘बौद्ध’, त्यामुळे जात पडताळणीत अडकाल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी हीच गत आहे. थोरला भाऊ कागदावर हिंदू, धाकटा बौद्ध. सेतूवर बसणाऱ्या पोराला हे माहीत नसतं, म्हणून तो घाबरवून सोडतो.

हा घोळ तुमच्या घरच्यांनी घातलेला नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच हवा अशी अट होती, पुढे १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि आपल्याकडची गावंच्या गावं बौद्ध झाली. केंद्राच्या लेखी त्यांची सवलत संपली. विहिरीवर मात्र कुणी म्हणालं नाही की आता तुम्ही बौद्ध झालात, या, भरा पाणी. महाराष्ट्रानं १९६० मध्ये आपल्यापुरती सवलत दिली. रेल्वे, पोस्ट अशा केंद्राच्या नोकऱ्यांसाठी १९९० साली कायदा बदलेपर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात ज्या बापाला पोरगा पोस्टात लागावासा वाटे, तो शाळेत नाव घालताना मास्तरांना ‘हिंदू महार’ सांगे आणि घरी येऊन बुद्धवंदना म्हणे. मी तरी याला लबाडी म्हणणार नाही.

आता कामाचं. अनुसूचित जातींची यादी राज्यघटनेच्या कलम ३४१ खाली ठरते आणि तिच्यात बदल फक्त संसद करू शकते. जात पडताळणी समितीला एवढंच पाहायचं असतं की तुमचं घराणं यादीतल्या जातीचं आहे का. पण ते सिद्ध करण्याचा भार कायद्यानं अर्जदारावरच टाकलाय. यादीसाठी मानीव दिनांक, म्हणजे घराण्याची जात ज्या तारखेला धरून पाहतात ती तारीख, १० ऑगस्ट १९५० आहे, त्याआधीचा कागद सगळ्यांत वजनदार. ज्यांना ना शेत होतं ना शाळा, त्यांनी तो आणायचा कुठून? मला ही अट नेहमीच उफराटी वाटत आली आहे.

आपल्या भागात अशा वेळी कोतवाल बुक कामी येतं. गावातला जन्म-मृत्यू कोतवाल लिहवून घ्यायचा, मग घर कुणाचंही असो. (कितीतरी गावांत ही कोतवालकी महारांकडेच होती.) तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. जाताना आजोबांच्या नावावर अडून बसू नका, कारण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे ‘मुलगा झाला’, एवढंच. म्हणून पणजोबांचं नाव आणि त्यांचं त्या वेळचं गाव आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या. पानं हात लावताच तुटतात, तेव्हा कारकुनाशी गोडीनं बोला. जोडीला आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा (मुलांचं नाव घालण्या-काढण्याच्या नोंदवहीचा) उतारा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या, चुलतभाऊ, कुणाकडे समितीनं दिलेलं जात वैधता प्रमाणपत्र असेल तर वंशावळीच्या शपथपत्राबरोबर तेही जोडा, निम्मं काम तिथंच होतं.

तुमच्या मित्राचं ‘आरक्षणाची दहा वर्षांची मुदत कधीच संपली’ हे सोडून द्या. ती मुदत कलम ३३४ मधली, लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांपुरती, आणि सध्या २०३० पर्यंत वाढवलेली आहे. शिक्षण आणि नोकरीच्या कलम १५(४) नि १६(४) ला मुदतच नाही.

बहिणीचं लग्न झालंय म्हणता, तर तिची जात माहेरच्याच कागदांवरून ठरेल, सासरचे कागद चालत नाहीत. आणि बँकेचा किंवा रेल्वेचा फॉर्म भरणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढा. त्यात जात ‘महार’ आणि धर्म ‘बौद्ध’ असं दोन्ही हवं. नुसतं ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला तिथं परत येतो.