चौथ्या पेपरला एक सायटेशन कमी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री साडेबाराची दिसते, म्हणजे अर्जाचा फॉर्म उघडून बसली होतीस. सहा पेपर, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये दिलेले तुझ्या पेपरचे संदर्भ) 41, 12, 7, 3, 2 आणि 0, त्यावरून निघणारा एच-इंडेक्स 3. चौथ्या पेपरला आणखी एक मिळालं की इंडेक्स 4 होईल, तोवर अर्ज थांबवू का, असं विचारतेस. अजिबात थांबवू नकोस.

हा इंडेक्स होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवला. किमान 3 सायटेशन असलेले 3 पेपर असले की 3, किमान 4 असलेले 4 असले की 4. आता तुझ्या पहिल्या पेपरला 41च्या जागी 4,100 सायटेशन मिळाली असं धर. इंडेक्स तरीही 3च! आणि माझा तुझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, त्यात हुशारीपेक्षा केस पांढरे होण्याचा वाटा जास्त. आकड्याला काही किंमत नाही असं मी म्हणणार नाही. निवड समितीत मी बसलो आहे, दोनशे अर्ज समोर आले की सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. पण तो नेमकं काय मोजतो, हे तुला ठाऊक हवं.

आपल्या मेंदूविज्ञानातला स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल तुला स्लाइडवरच्या चित्रांपुरताच माहीत असेल. 1888 साली तो बार्सिलोनात होता. गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाच्या चांदीच्या रंगाने पक्ष्यांच्या अनुमस्तिष्काच्या, म्हणजे मेंदूच्या मागच्या छोट्या भागाच्या, चकत्या रंगवून त्याने पाहिलं, की मज्जापेशी एकमेकींत मिसळून जाळं करत नाहीत, त्या सुट्या असतात. पण स्पॅनिशमध्ये लिहिलेलं वाचणार कोण? गड्याने पदरमोड करून स्वतःचंच त्रैमासिक काढलं. साठ प्रती छापल्या, त्यातल्या बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. म्हणावी तशी दाद आली नाही. मग 1889 मध्ये तो स्लाइड घेऊन बर्लिनला शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेला गेला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी नेऊ लागला. त्यात म्हातारा कोलिकर होता, त्या क्षेत्रातला तेव्हाचा मोठा माणूस. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पटवून घेतलं. काहाल वाचता यावा म्हणून तो पुढे स्पॅनिश शिकला. 1906 चं नोबेल काहाल आणि गोल्जी यांना मिळून मिळालं, आणि गोल्जीने त्या भाषणातही जाळ्याचीच बाजू लावून धरली! ते असो. कोलिकरला पटलं, कारण स्लाइड समोर होती आणि रंगवायची पद्धत कुणालाही करून बघता येत होती.

सायटेशनचे डोंगर कुठे उभे राहिले ते बघ. लाउरी यांचा 1951 चा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा पेपर तीन लाखांच्या वर गेला. तो काही थोर पेपर नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. आपल्या क्षेत्रात कार्ल फ्रिस्टन यांचं नाव घेतात. ब्रेन स्कॅनच्या विश्लेषणाचं एसपीएम हे सॉफ्टवेअर त्यांनी 1990 च्या दशकात सगळ्यांना मोफत दिलं आणि जगभरच्या लॅब त्यावर चालल्या.

उलटंही होतं. अल्झायमरवरचा 2006 चा एक गाजलेला पेपर, सुमारे अडीच हजार सायटेशनचा, प्रतिमांत फेरफार झाल्याचं निघाल्यावर 2024 मध्ये मागे घेतला गेला. अठरा वर्षं तो आकडा फुगतच होता. त्यातल्या किती जणांनी प्रयोग करून पाहिला असेल?

माझंही एक सांगतो. एका कामाचे मी दोन तुकडे करून दोन पेपर केले, यादी लांब दिसावी म्हणून. पहिल्यात पद्धत अर्धवट, दुसऱ्यात निकाल अर्धवट. दोन्ही कुणी धड वापरले नाहीत. आणखी एक: पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने स्वतःचे पाच पेपर सायट करायला सांगितले, तर त्यातले लागू पडतात तेवढेच घे आणि बाकीच्यांचं संपादकाला नम्रपणे कळव. मी घाबरून पाचही घातले होते.

आता तुझा शून्यवाला पेपर. मी तो परवा पुन्हा वाचला आणि मला तो सहांमध्ये सगळ्यांत आवडला. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या रेकॉर्डिंगमधून एकेका पेशीचे स्पाइक, म्हणजे विजेचे ठोके, वेगळे काढायची तुझी युक्ती आमच्या लॅबमधल्या पोराने दोन दिवस करून पाहिली. जमेना. फिल्टर कुठून कुठपर्यंत लावला, थ्रेशोल्ड (किती मोठा ठोका धरायचा ती मर्यादा) कसा ठरवला, गोंगाटाचे तुकडे कुठल्या निकषावर टाकले, यातलं काहीच लिहिलेलं नाही. कोड मागितला तर पेपरमध्ये दिलेला पत्ता तुझ्या जुन्या लॅबचा आणि मेल परत आली.

अर्ज उद्याच पाठव. मग कोड आणि एक नमुना रेकॉर्डिंग मला दे, कुठल्या फाईलपासून सुरुवात करायची ते चार ओळींत लिहून. पोरगं सोमवारी पुन्हा बसणार आहे. अडलं तर तो तुलाच फोन करेल, त्याला नंबर देऊ ना?

तुझा,
सर