ऑस्ट्रेलियात जंगलातल्या कोआलाचे चांगले फोटो कसे काढायचे?

व्हिक्टोरियात असाल तर सरळ रेमंड आयलंडला जा, पेन्सव्हिलहून फेरीने पाचेक मिनिटांत पोचता आणि निलगिरीच्या झाडांवर कोआला दिसतातच. आधी खाली बघायचं, बुंध्यावर नखांचे ओरखडे आणि मुळाशी लांबुळक्या लेंड्या दिसल्या की मग मान वर करायची. लेन्स ३०० एमएमची तरी हवीच. मागे उजळ आकाश असलं की करड्या केसांचा नुसता काळा गोळा येतो, म्हणून एक्स्पोजर +१ ठेवा, म्हणजे फोटो जरा उजळ येईल, आणि फोकस डोळ्यावर. दिवसभर झोपलेलाच असतो, संध्याकाळी पानं खायला हलेपर्यंत थांबा, पण फ्लॅश नको आणि उठवायला झाड तर अजिबात हलवू नका, बिचाऱ्याला त्या पानांतून ताकदच कमी मिळते हो.