शेजाऱ्याचं कुत्रं आणि नानांची मुदत ठेव

‘मॅडम, हसू नका, पण शेजारच्या कुत्र्यामुळे माझी झोप उडाली आहे.’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की हसण्याचा प्रश्नच उरला नाही. नाशिकमधलं इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्या... जिथे रो-हाऊससमोर किंवा बंगल्यापुढे चार हात हिरवळ आहे, तिथून ही तक्रार येतेच. माणसं येतात बहुधा दुसऱ्याच कारणासाठी. कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कुणाच्या घरात धुसफूस चालू असते. कुत्रं निघतं तिसऱ्या-चौथ्या वाक्यात, तेही ओशाळत. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यावं का, असं त्यांना वाटत असतं. यावं. रोज सकाळी दार उघडताच संताप होणं ही एवढीशी गोष्ट नाही.

नानांचंच सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. निवृत्तीनंतर बंगल्यापुढे हरळी लावली, स्वतः निंदली, स्वतः कापली. शेजारी तिशीतला तरुण राहतो, अंबडला नोकरीला. त्याचा लॅब्रॅडॉर सकाळी फिरायला निघाला की पहिला थांबा नानांची हिरवळ. पहिल्याच भेटीत नानांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात तारीखवार फोटो होते. कशाचे, ते सांगत नाही.

‘तुम्ही त्याला काय म्हणालात?’ मी विचारलं.

‘अहो, सगळं करून पाहिलं. लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. पाटी लावली. कॉलनीच्या ग्रुपवर सुजाण नागरिकांना विनंती टाकली. तो समोरून जाताना हिला म्हटलं, हल्ली लोकांना जनाची नाही आणि मनाचीही नाही.’

‘म्हणजे लेकी बोले सुने लागे.’

‘तसंच.’

‘पण त्याला, त्याच्याकडे बघून, काय म्हणालात?’

नाना पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘त्याला कळायला नको?’

इथे मी घाई करत नाही. बहुतेक तक्रारी याच ठिकाणी अडकलेल्या असतात. वर्षभर माणूस शेजाऱ्याविषयी बोलतो, बायकोशी, वॉचमनशी, ग्रुपवर, माझ्याशी. शेजाऱ्याशी एक शब्द बोललेला नसतो. आणि त्याची खात्री असते की आपण सगळं करून चुकलो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत मांडायला सुरुवात केली, तिच्यावर माझा भर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तिचं म्हणणं साधं आहे. घटना आपल्याला जेवढी जाळत नाही, तेवढं त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे घोकतो ते जाळतं. हिरवळीवर घाण पडली, ही घटना. नाना घोकत होते ते असं : ‘हा मला मुद्दाम खिजवतो. रिटायर माणसाची किंमत शून्य.’ घाणीचा पुरावा मोबाइलमध्ये होता. खिजवण्याचा कुठेच नव्हता. कुत्रं त्याच जागी परत येतं ते वासामुळे. त्याला नानांची निवृत्ती ठाऊक नसते. हे मी म्हटलं तेव्हा नाना पहिल्यांदा किंचित हसले. पण पटलं नव्हतं.

पुढच्या एका भेटीत मी त्यांना सांगितलं, ‘आज तुम्ही तो तरुण व्हा. मी नाना होते.’ आढेवेढे घेत तयार झाले. मी त्यांचंच वाक्य त्यांच्याच सुरात फेकलं, ‘लोकांना जनाची नाही आणि मनाचीही नाही.’

नाना ताडकन म्हणाले, ‘असं बोललात ना काका, तर मी रोज इथेच आणीन!’

आणि थांबले. खोलीत मीही काही बोलले नाही. असे क्षण मोडायचे नसतात, हे मी अनुभवाने शिकले आहे. थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, ‘मी आलो असतो... नीट बोललं असतं कुणी, तर मीही उचलली असती.’ मग चष्मा काढून पुसला. ‘मी बोललो आणि तो नाही म्हणाला असता तर काय केलं असतं मी, मॅडम? म्हणून बोललोच नाही बहुतेक.’

मला जे त्यांना सांगायचं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं, आणि माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद तोच. न बोलण्याचा एक फायदा असतो. बोललं की उत्तर येतं, उत्तर आलं की पुढचं काहीतरी ठरवावं लागतं. न बोलता आपण कायम बरोबर राहतो. नानांनी आपली तक्रार मुदत ठेवीसारखी ठेवली होती, रोज सकाळी व्याज जमा होत होतं आणि ती मोडायची त्यांची तयारी नव्हती.

मग बोलायचं कसं? कुत्र्याची साखळी त्याच्या हातात असताना नाही, आणि ढीग पुढ्यात असताना तर मुळीच नाही. तेव्हा समोरचा आरोपी होतो आणि आरोपी बचावच करतो. ग्रुपवर नाही. तिथे चार जण लाइक करतात, ज्याला लागायला हवं तो ग्रुप म्यूट करून बसलेला असतो. संध्याकाळी, एकटं गाठून, दोन वाक्यं पुरतात. काय होतं ते आणि काय हवं ते. ‘सकाळी तुमचं कुत्रं आमच्या हिरवळीवर बसतं. तेवढं पिशवीत उचलून नेत जाल का?’ ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणू नका. लक्ष ठेवलं की नाही, हे कुणालाच मोजता येत नाही. पिशवी दिसते. आणि त्याने एकदा उचललं की दुसऱ्या दिवशी तेही बोलून दाखवा. आपण चुकीची नोंद ठेवतो, सुधारणेची ठेवत नाही.

‘शेणासारखं खतच आहे की’ असं उत्तर आलं तर चिडू नका, माहिती द्या. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत जातात, तिथे कित्येक महिने टिकतात आणि हाताने माती खेळणाऱ्या मुलांना त्यापासून धोका असतो. गवतावर पिवळे डाग पडतात ते लघवीतल्या नायट्रोजनमुळे. लगेच भरपूर पाणी ओतलं तर गवत बऱ्यापैकी वाचतं. रंगीत पाण्याच्या बाटल्यांवर विसंबू नका. आणि रागाच्या भरात तिखट टाकणं, विषारी काही ठेवणं, काठी मारणं याचा विचारही नको. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला जिवे मारणं, विष देणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हिरवळीपायी पोलिस ठाण्याची पायरी कशाला चढायची?

नाना बोलले. तो तरुण ‘सॉरी काका’ म्हणाला आणि उचलू लागला. पण घाण पूर्ण थांबली नाही. नाना पुन्हा भडकून आले. मी म्हटलं, ‘एक दिवस गॅलरीत बसून बघा.’ बघितलं, तर उरलेला कार्यक्रम गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा होता. वर्षभर सगळा हिशेब एकाच्याच नावावर मांडला गेला होता. भटक्यांसाठी निर्बीजीकरणाची मागणी महापालिकेकडे करता येते, पण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण झालेलं कुत्रं साधारणपणे त्याच भागात परत सोडतात, तेव्हा तेवढ्याने हिरवळ स्वच्छ राहील अशी आशा धरू नये. नानांनी फाटकाच्या खालच्या फटीला जाळी मारली.

आता कुणीतरी विचारेलच, समोरचा ऐकणाराच नसेल तर? नाशिकरोडच्या एका ताईंच्या बाबतीत तसंच झालं. त्या नीट बोलल्या, दोनदा बोलल्या. शेजारीण अंगावर आली, ‘मुक्या जनावराचं कळतं का तुम्हाला काही?’ ताईंनी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र दिलं, प्रत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात दिली. शहरात अशी सहा कार्यालयं आहेत, आपल्या भागाचं शोधावं. पत्रात फक्त तारखा, जागा आणि घटना लिहायच्या, शेजारणीच्या संस्कारांचा उद्धार करायचा नाही, एवढं मी सुचवलं होतं. शेजारीण अजून बोलत नाही. कुत्रं आता दुसऱ्या बाजूने फिरायला जातं. ताई म्हणाल्या, ‘संबंध बिघडले ते बिघडलेच, पण मी आता दार उघडताना दचकत नाही.’ त्यांची रक्तदाबाची गोळी चालू आहे. ती डॉक्टर ठरवतील.