कर्ज काढून सगळी यंत्रं एकदम घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय: दहा वर्षं ठेकेदाराकडे सुतारकाम केलं, आता लोकांच्या घरी जाऊन स्वतःची कामं घ्यायची आहेत. रंधा, पटाश्या, करवती आहेत, शिल्लक ६०,००० आहे. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत), राउटर (लाकडात खाचा कोरणारं यंत्र), सर्क्युलर सॉ (हातात धरायची गोल पात्याची करवत, ७,०००) आणि ड्रिल (४,०००) असा संच ८५,००० ला मिळतोय. त्यासाठी पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या सरकारी योजनेचं एक लाखाचं कर्ज घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. ५ टक्के व्याज आणि तारण नाही, म्हणून ते स्वस्त आहे हे खरं. पण फेड १८ महिन्यांत, म्हणजे हप्ता सुमारे ५,८०० रुपये. फर्निचर बसल्यावरही गिऱ्हाईक शेवटची रक्कम लांबवतं, हप्ता मात्र तारखेलाच द्यावा लागतो.

आधी तुमचे तास कुठे जातात ते मांडा. १८ मिमी प्लायची ८ बाय ४ फुटांची शीट हातकरवतीने उभी चिरायला अर्धा तास धरा. सर्क्युलर सॉला सरळ पट्टी लावली की पाच मिनिटं. दिवसाला चार काप म्हणजे १०० मिनिटं वाचली. ९०० रुपये रोज आणि आठ तासांच्या हिशोबाने ते १८७ रुपये होतात, म्हणजे सॉची किंमत अशा ३८ दिवसांत वसूल. अट एकच, वाचलेल्या वेळात दुसरं काम हातात हवं. नसेल तर वाचलेला वेळ पैसा होत नाही.

म्हणून सर्क्युलर सॉ आणि ड्रिल घ्या, राउटर नंतर. टेबल सॉ तर गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या मजल्यावर नेणार कसा? जाड लाकूड वखारीतच रंधून घ्या. बिजागरीची खाच आणि दाराची शेवटची बसवण पटाशी-रंध्यानेच करा, तिथे तुमचा हात यंत्रापेक्षा सरस आहे.

पाती, कार्बन ब्रश (मोटरमधला झिजणारा भाग), चष्मा, मास्क आणि २.५ चौ. मिमीची एक्स्टेन्शन वायर यांसाठी ३,००० वेगळे ठेवा. लांब आणि बारीक वायरने व्होल्टेज पडतं, मोटर तापते, तिच्या तारांचं वेटोळं (वाइंडिंग) जळतं. वीजबिलाची चिंता नको, १,२०० वॅटचा सॉ तासभर सलग चालला तरी सव्वा युनिटच्या आतच.

एकूण १४,०००. उरलेले ४६,००० घरखर्चासाठी राखा.

विश्वकर्मात नाव मात्र जरूर नोंदवा. अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, त्यासाठी कर्ज घ्यावंच लागत नाही. तुम्ही, पती-पत्नी किंवा अविवाहित मुलांपैकी कुणी सरकारी नोकरीत असेल तर पात्रता नाही, हे आधी तपासा.

आणि विमा. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत हात, पाय किंवा डोळा गेला तर भरपाई आहे, बोट तुटलं तर नाही. सुतारकामात धोका बोटालाच असतो. बोट गेलं तर विम्याच्या रकमेच्या किती टक्के मिळतील ते लिहिलेली आणि काम बंद असताना आठवड्याला पैसे देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी सॉ घरी येण्याआधी काढा.